उपचार रुग्णालयात, मुक्काम कोठे?

(रुग्णसेवेचे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास पहाटे पाचच्या सुमारास जो कोणी जाईल, त्याला पदपथावर प्लास्टिकच्या कागदाखाली निजलेली माणसे दिसतील. प्रत्येकाच्या उशाशी एक फुगलेली पिशवी असते. तिच्यात कपडे थोडे आणि कागद फार. तपासण्यांचे अहवाल, स्कॅनची मोठी पाकिटे, गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि सर्वांत जिवापाड जपलेली रुग्णालयाची फाइल. थोड्या वेळाने एखादी बाई उठते, बाटलीतल्या पाण्याने नवऱ्याचे तोंड पुसते आणि त्याच्या गळ्याभोवतीचा पंचा नीट करते, कारण त्या पंच्याखाली टाके असतात.

वाटसरूला वाटते, हे भिक्षेकरी असावेत. तसे नसते. यांतील बहुतेकांचे गावी घर आहे, पुष्कळांची थोडीबहुत शेती आहे, दारात जनावर आहे. स्वतःच्या गावात ते प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. केवळ उपचार इथे आहे आणि घर तिथे आहे, एवढ्या एका कारणाने ते बेघर झाले आहेत.

या रुग्णालयाच्या जन्माशीच परमुलखात झालेल्या एका मृत्यूची कथा जोडलेली आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळी या व्याधीवर हिंदुस्थानात इलाज नव्हता. घरात अमाप संपत्ती असूनही १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघालेल्या दोराबजींनीही जर्मनीत देह ठेवला. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या उपचारांसाठी धनिकांना समुद्र ओलांडावा लागे, ते गरिबांना आपल्या देशात मिळू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु बिहारमधील पूर्णियाच्या मजुराला परळ तितकेच दूर आहे, जितके एकेकाळी मुंबईकराला वेल्स दूर होते.

हा प्रश्न नीट समजावून घ्यायचा, तर कर्करोगाचा उपचार प्रत्यक्षात कसा होतो, ते पाहावे लागेल. सामान्य समजूत अशी की, मोठा आजार झाला की माणूस रुग्णालयात भरती होतो, तिथे खाट मिळते, जेवण मिळते आणि बरा होऊन तो घरी जातो. कर्करोगाचे तसे नाही.

समजा, परभणी जिल्ह्यातील पन्नाशीचा एक शेतकरी आहे. वर्षानुवर्षे गालात तंबाखूची चिमूट धरलेली, तिथेच जखम झाली. ती भरेना, तोंड उघडेना, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरने सांगितले, ‘मुंबईला जा.’ नवरा-बायको देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरतात. पहिल्या दिवशी फाइल तयार होते. मग गाठीचा तुकडा तपासणीला जातो, अहवालाला काही दिवस लागतात. स्कॅनची तारीख त्यानंतरची. तज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात, त्यात आणखी दिवस जातात. शस्त्रक्रिया झाली की दहा-बारा दिवस खाट मिळते. जखम भरली की किरणोपचार. सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा, साधारण सहा आठवडे. म्हणजे तीस वेळा. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा घालून रुग्ण यंत्राखाली स्थिर पडून राहतो. हे दहा-पंधरा मिनिटांचे काम. मग तो बाहेर येतो आणि त्याला सांगतात, ‘उद्या या.’

तीन-चार महिन्यांच्या या काळात रुग्णालयाची खाट मिळाली ती दहा-बारा दिवस. किरणोपचाराच्या काळात रोजचे उरलेले पावणेचोवीस तास त्याने कोठे काढायचे? हे रुग्णालयाने पाहायचे, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याला प्रत्यक्ष शुश्रूषेची गरज नाही, त्याला सहा आठवडे खाट दिली, तर शस्त्रक्रियेसाठी ताटकळणाऱ्याला ती मिळणार नाही. रुग्णाला बाहेर ठेवण्यात निष्ठुरपणा नाही. बाहेर त्याच्यासाठी काहीच नसावे, ही उणीव मात्र समाजाची आहे.

आणि ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. किरणोपचारात मध्ये खंड पडला, दिवस लांबले, तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. उरलेल्या पेशी त्या अवकाशात पुन्हा वाढू लागतात. पैसे संपले म्हणून विसाव्या दिवशी गावी गेलेला माणूस दोन तृतीयांश बरा होऊन जात नाही. त्याने विसही दिवसांचे चटके सोसलेले असतात आणि फळ गमावलेले असते. केमोथेरपीची गोष्ट आणखी नाजूक आहे. औषधानंतर काही दिवसांनी रक्तातील पांढऱ्या पेशी खाली येतात. परळच्या भाषेत ‘काउंट पडतो’. अशा वेळी अंगात शंभर अंशांवर ताप चढला, तर ती तातडीची अवस्था असते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. गावात असता तर जो ताप क्रोसिन देऊन उद्यावर ढकलला गेला असता, तोच इथे प्राण घेऊ शकतो. म्हणून डॉक्टर सांगतात, जवळ राहा. स्वच्छ पाणी, स्वच्छ शौचालय, डासांपासून बचाव, उकळलेले अन्न या गोष्टी त्या दिवसांत औषधाइतक्याच महत्त्वाच्या असतात. पदपथावर यांपैकी एकही मिळत नाही.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार तर दोन ते अडीच वर्षे चालतो. आरंभीचे कित्येक महिने रुग्णालयाच्या जवळ काढावेच लागतात. हा आजार आज पुष्कळ मुलांच्या बाबतीत पूर्ण बरा होतो, आणि तरीही काही मुले उपचार अर्धवट सोडून निघून जातात. औषध निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे. वडिलांची रोजी बुडते, धाकटी भावंडे गावी आजीपाशी असतात, मुंबईत खोलीचे भाडे झेपत नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलाने छपराअभावी उपचार सोडावा, यापरते दैव कोणते?

आपल्याकडे परगावच्या माणसासाठी छप्पर उभारण्याची परंपरा जुनी आहे. धर्मशाळा हा शब्दच सांगतो की, वाटसरूला निवारा देणे हे धर्माचे काम मानले गेले. या परंपरेला रुग्णसेवेकडे वळविण्याचे मोठे श्रेय संत गाडगे महाराजांकडे जाते. हातात खराटा घेतलेल्या या निर्धन माणसाने कीर्तनातून लोकांना जागे केले, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी त्यांतली एकही खोली ठेवली नाही. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांचे हाल पाहून त्यांचे लक्ष रुग्णालयांकडे गेले. आज दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे, तिथे देशाच्या सर्व भागांतून आलेली कर्करुग्णांची कुटुंबे राहतात.

परळमधील नाना पालकर स्मृती समितीचे कामही याच मालिकेतले. नारायण हरी तथा नाना पालकर हे संघाचे प्रचारक आणि डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार म्हणून वाचकांना परिचित आहेत. १९६७ साली त्यांचे निधन झाल्यावर सहकाऱ्यांनी पुतळा उभारला नाही. १९६८ साली त्यांच्या नावाने समिती स्थापन झाली आणि परगावच्या रुग्णांची व त्यांच्या सोबत्यांची राहण्याची सोय हे तिचे मुख्य काम ठरले. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया या संस्थेने मुंबईत कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवासाची केंद्रे सुरू केली. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा कोपरा आणि सामायिक स्वयंपाकघर असते. प्रेरणा भिन्न असतील, पण या सगळ्यांना एक गोष्ट उमगलेली दिसते. परगावच्या रुग्णाला खोलीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, स्वयंपाकघर लागते.

हे जरा विस्ताराने सांगायला हवे. परभणीच्या त्या शेतकऱ्याला किरणोपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंडभर फोड येतात. चव जाते, लाळ आटते, घोटभर पाणी आगीसारखे लागते. मग नाकातून नळी घालतात. त्या नळीतून दर दोन-तीन तासांनी पातळ अन्न द्यायचे. दूध, वरणाचे पाणी, मऊ भात, अंडे चालत असेल तर अंडे, सारे मिक्सरमधून काढून गाळून घ्यायचे. एक कण राहिला तरी नळी तुंबते. हे अन्न खाणावळीत मिळत नाही, खिचडीच्या गाडीवर मिळत नाही. त्याला शेगडी हवी, मिक्सर हवा, स्वच्छ गाळणे हवे, दूध ठेवायला थंड कपाट हवे. गावी जी बाई चुलीवर भाकरी थापत होती, ती इथे दिवसातून सात-आठ वेळा हे काम करते आणि नवऱ्याचे वजन घटले नाही ना, हे दर आठवड्याला काट्यावर पाहते. वजन घसरत राहिले, तर उपचार थांबविण्याची पाळी येते. तिच्या हातातले गाळणे हे त्या महिन्यापुरते उपचाराचेच साधन असते.

अशा सामायिक स्वयंपाकघरात जी गंमत घडते, तीही सांगण्याजोगी आहे. बंगालची आई, बिहारची सासू, विदर्भातली बहीण एकाच ओट्याशी उभ्या असतात. भाषा कुणाचीच कुणाला येत नाही. पहिल्या आठवड्यात भांडणे होतात ती शेगडीवरून आणि माशाच्या वासावरून. तिसऱ्या आठवड्यात बिहारची सासू सातूचे पीठ पातळ कालवून नळीतून कसे द्यायचे ते दाखविते, बंगाली आई दुसरीच्या मुलाचा ताप पाहते. राष्ट्रीय एकात्मतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. ती शेगडीच्या भांडणातून सुरू होते, हे व्याख्यात्यांच्या फारसे लक्षात येत नाही.

सोबत्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. फाइल रुग्णाच्या नावाची, चौकशी रुग्णाची. जी बाई उभ्या आयुष्यात एकटी तालुक्याला गेली नव्हती, ती पूर्वेचा जिना आणि पश्चिमेचा जिना, रक्त देण्याची खिडकी आणि अहवालाची खिडकी यांचा नकाशा पाठ करते. ती कधी जेवली, ती कुठे झोपते, तिला रात्री शौचाला कुठे जावे लागते, हे विचारणारा कुणी नसतो. तिचा रक्तदाब वाढलेला असतो आणि गोळ्या गावी राहिलेल्या असतात. आणखी एक कटू गोष्ट. नवरा आजारी पडला की बायको सोबत येते, हे गृहीतच असते. बायको आजारी पडली की सोबत कोण, हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. कधी वृद्ध आई येते, कधी चौदा वर्षांची मुलगी शाळा सोडून येते. निवासाचे काम करणाऱ्यांनी या मुलीची वेगळी नोंद ठेवली पाहिजे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेच्या शयनयान आणि वातानुकूलित थ्री टायर डब्यात भाड्याची पूर्ण सवलत आहे, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. कित्येकांना हे ठाऊकच नसते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना यांतून उपचाराचा मोठा भार उचलला जातो. परंतु रुग्णालयाबाहेर काढाव्या लागणाऱ्या महिन्यांचे भाडे, रोजचे दूध आणि बुडालेली मजुरी घरच्याच गाठीतून जाते. धर्मशाळांत प्रवेशासाठी बहुधा रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. ही एवढी वाक्ये ज्याला माहीत आहेत असा माणूस पहिल्या दिवशी सकाळी दारात भेटला, तर पदपथावरचे कित्येक मुक्काम टळतील.

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. हा उपचार घराच्या जवळ होऊ शकतो का? परभणीचा शेतकरी ज्या गाडीने आला, ती गाडी रात्री छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकावर थांबून पुढे आली. त्याच शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथे किरणोपचार होतात. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, आणि डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने तिथे राष्ट्रीय कर्करोग संस्था उभारली आहे. टाटा स्मारक केंद्रानेही गुवाहाटी, वाराणसी, संगरूर, मुझफ्फरपूर येथे आपला विस्तार केला. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील रुग्णालये एका उपचारपद्धतीने बांधली जात आहेत. एकेकाळी पंजाबातील भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ असेच नाव दिले होते. असे नाव पुन्हा कोणत्या गाडीला मिळू नये, यासाठी ही विकेंद्रित व्यवस्था वाढलीच पाहिजे.

पण तेवढ्याने निवासाचा प्रश्न मिटत नाही, हेही ओळखावे. परभणीहून संभाजीनगरला सहा आठवडे रोज ये-जा कुणी करू शकत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र आले, तरी तालुक्याचा माणूस तिथे परकाच. मुंबईत निदान धर्मशाळा आहेत. नव्याने झालेल्या केंद्रांच्या आसपास पुष्कळदा तेही नसते. ज्यांना मुंबई दूर वाटते, त्या कार्यकर्त्यांनी आपल्या शहरातील कर्करोग रुग्णालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या आणि एक ओटा मिळतो का, हे पाहावे.

खोली शोधताना एक अडथळा येईल. घरमालक विचारतो, ‘कसला आजार?’ आणि उत्तर ऐकून दार लावून घेतो. कर्करोग हा स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने होत नाही. सुशिक्षित वस्त्यांतही हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. केस गेलेल्या मुलाला जिन्यात पाहून शेजारी आपल्या मुलाला आत ओढतात. वास्तविक धोका उलटा असतो. शेजाऱ्याच्या मुलाचा पडसे-खोकला या मुलाला जड जाऊ शकतो.

फळवाटपाविषयीही स्पष्ट बोललेले बरे. वाढदिवसानिमित्त रुग्णांना सफरचंद-मोसंबी वाटून छायाचित्र काढण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ज्याच्या तोंडात फोड आहेत, त्याने त्या मोसंबीचे काय करावे? ज्याचा काउंट पडलेला आहे, त्याला न धुतलेले फळ देऊच नये. अन्नदानाचेही तसेच होते. रविवारी एकाच पदपथावर दोन-तीन गाड्यांतून खिचडी येते आणि बुधवारी कुणी फिरकत नाही. देणाऱ्याची भावना खोटी नसते. पण रुग्णाचा आठवडा सात दिवसांचा असतो. त्याला मंगळवारी पहाटे तपासणीच्या रांगेत उभा राहील असा माणूस हवा असतो, हिंदी अर्ज भरून देणारा हवा असतो, दुपारी दोन तास मुलापाशी बसेल म्हणजे आईला आंघोळ करून झोपता येईल, अशी एखादी मावशी हवी असते.

शेवटी त्यांच्याविषयी, जे बरे होत नाहीत. डॉक्टर एके दिवशी म्हणतात, ‘आता घरी घेऊन जा.’ नातेवाइकांना वाटते, हाकलून दिले. ते आणखी आठवडाभर तिथेच घुटमळतात, दुसरा डॉक्टर शोधतात, उरलेली जमीन विकायला काढतात. त्या आठवड्यात रुग्णाला मात्र गावचे अंगण पाहायचे असते. अशा वेळी कुणीतरी शांतपणे बसून त्या वाक्याचा अर्थ सांगावा लागतो, प्रवासाला तो अजून झेपेल तोवर गाडीचे पाहावे लागते, आणि वेदनाशमनासाठी मॉर्फिनच्या गोळ्या घराजवळ कोठे मिळतील, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे लागते. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने ही गोळी दुर्मिळ झाली होती. २०१४च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी केली, तरी ती प्रत्येक तालुक्यात मिळते असे नाही. हे विचारायला विसरले, तर गावी पोहोचलेल्या माणसाचे अखेरचे दिवस कण्हण्यात जातात. आणि जो परमुलखातच गेला, त्याच्या बायकोला परक्या शहरात मृत्यूचा दाखला, शववाहिका, गावाकडे कळविणे हे सारे एकटीने करावे लागते. त्या रात्री तिच्याजवळ बसणे, हेही निवासाच्या कामात मोडते. धर्मशाळेच्या नियमावलीत ते लिहिलेले नसते.

परभणीचा शेतकरी, समजा, सुदैवी ठरला. तिसावा दिवस संपला, नळी निघाली, वरणभात घशाखाली उतरू लागला. पण फाइल बंद झालेली नाही. पहिली काही वर्षे त्याला दर तीन-चार महिन्यांनी फेरतपासणीला यायचे आहे. दर वेळी दोन-तीन रात्रींचा मुक्काम आहे. खोली सोडताना त्याच्या पुढच्या तारखेची नोंद वहीत करून ठेवावी लागते, कारण त्याच दिवशी दुपारी ती खोली दुसऱ्या कुणाला द्यायची असते. तीन महिन्यांनी तो येतो तेव्हा हातात फाइलची पिशवी असतेच. दुसऱ्या पिशवीत बायकोने दळून दिलेले ज्वारीचे पीठ असते. ते तो स्वयंपाकघरात ठेवतो आणि ओट्याशी उभ्या असलेल्या नव्या बाईला विचारतो, ‘कितवा दिवस?’